भाताला दिसू नये अशी मी

मित्रांनो, मी एक जुनी आनी-आनी आहे. नाव ऐकून हसू नका, आमच्या गावात ते रोजचे आहे. मी भात कापायची पाती. फणसाच्या लाकडाची तळहातावर मावणारी फळी, तिच्या कडेत रुतवलेले बोटभर पाते आणि आडवी खोचलेली बांबूची काडी, एवढाच माझा देह. मुठीत धरली की मी कोणाला दिसत नाही. दिसूच नये, म्हणून मला असे घडवले. भात म्हणजे साक्षात देवी श्री, आमची अन्नदेवता. ती भित्री. उघडे हत्यार पाहिले की घाबरते आणि पुढच्या वर्षी शेतात पाऊल टाकत नाही, असे आमच्या करांगसोक गावातल्या बायका मानत. म्हणून मी मुठीत लपायचे आणि एका वेळी एकच लोंबी कापायचे, अगदी हळूच.

भाताच्या बाबतीत आमचे गाव फार हळवे होते. माणसांच्या बाबतीत कसे होते, ते ऐका.

मला सारिदीने घडवले. तो माडांवर चढून नीरा उतरवायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोला, दालियेमला, काहीतरी द्यावे असे त्याच्या मनात आले. बांगड्या परवडत नव्हत्या, म्हणून मी. मोडक्या कोयत्याचा तुकडा त्याने चार दिवस दगडावर घासला. पहिला चरा त्याच्याच अंगठ्याला पडला आणि शिवी मात्र मला मिळाली! सहा वर्षांनी तो माडावरून पडला आणि गेला. दालियेमच्या पदरात वार्सिनी नावाची मुलगी होती. रडायला तिला तीन दिवस मिळाले. चौथ्या दिवशी कापणी होती. मी तिच्या मुठीत होते, म्हणून सांगते, त्या दिवशीही तिने एक लोंबी सोडली नाही.

काय कापायची बाई! भल्याभल्या तरुण पोरी तिच्या मागे पडत. "दालियेमच्या हातात पाती नाही, सहावं बोट आहे," असे लोक म्हणत आणि मी आतल्या आत फुगत असे. कापलेल्या जुड्यांतली दहावी जुडी कापणारीची. तिच्यावर घर चाले. म्हणून जो तो कापणीला धावे. डोंगरावरच्या कोरड्या गावांतल्या बायाही टोपल्या घेऊन येत, आणि आमच्या बायका त्यांना बांधाच्या आत पाऊल टाकू देत नसत. "काय गं, यंदा दगड नीट पिकले नाहीत वाटतं?" असे दालियेम त्यांना ओरडून विचारी आणि सगळी रांग खो खो हसे. मीही हसले, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

मग वार्सिनी मोठी झाली, तोवर सरकारी बियाणे आले. बुटके भात, लवकर पिकणारे आणि भरघोस. ओढ्याकाठचे सगळ्यात चांगले शेत पाक रेजोंचे. पाक म्हणजे वडीलधारा पुरुष. आमच्याकडे मान देऊनच बोलायचे, मनात काहीही असो. त्यांच्या शेतात आठ बायकांनी लावणी केली आणि दोनदा निंदणी केली. मजुरी एक दाणाही घेतली नाही. रीतच तशी होती. जिने फुकट लावले आणि निंदले, तिचा कापणीचा हक्क. कागद नाही, अंगठा नाही. सगळ्या गावाला ठाऊक, म्हणजे झाले.

त्या आठांत दालियेम होती आणि तिची शेजारीण कार्नी. कार्नी वयाने लहान, तीन पोरांची आई. तिचा नवरा खोकल्याने अंथरुणाला खिळलेला. दुसऱ्या निंदणीच्या वेळी दालियेम तापाने फणफणली, तेव्हा कार्नीने आपली रांग निंदली आणि नंतर हिचीही. "यू, तू पडून राहा. तुझी रांग काही पळून जात नाही," असे म्हणाली. यू म्हणजे ताई. सख्खी नव्हे, पण सख्खीने काय वेगळे केले असते?

कापणीला बारा दिवस उरले असताना वार्सिनी बाळंत झाली. मुलगी झाली. पण वार्सिनीला थेंब-दोन थेंबांपलीकडे दूध येईना. घरातला भात संपून दोन महिने झाले होते. वाळवलेल्या कंदाची उकड खाऊन सगळे दिवस काढत होते. सुईण आली, तिने वार्सिनीची छाती चाचपली आणि दालियेमला बाहेर नेऊन म्हणाली, "हिला भात घाला पोटभर. कंदावर दूध येत नाही. आणि लवकर बघा काय ते. पोरीच्या रडण्यात आता जोर राहिला नाही."

दालियेम दिवस मोजू लागली. रोज शेतावर जाऊन लोंबी चावून बघे. दाणा भरला का, कडक झाला का. मला दगडावर घाशी, कमरेच्या पट्ट्यात खोची, पुन्हा काढी आणि पुन्हा घाशी. माझी धार तेवढी चांगली पुन्हा कधीच झाली नाही.

तिकडे पाक रेजोंच्या जिवाला वेगळाच घोर होता. त्या वर्षी सगळ्याच गावाची चूल थंड होती. आठ जणींचा हक्क, पण येणार सत्तर जणी. चुलत बहिणी, मेहुण्या, शेजारणी, मशीद झाडणाऱ्याची बायको. कोणाला नाही म्हणणार? आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणे म्हणजे कपडे फेडून चौकात उभे राहणे. मालक तसे करत नाही. मग पाक रेजोंनी काय केले? उभे पीकच शहरातल्या एका व्यापाऱ्याला विकून टाकले. आता शेत त्यांचे, पण पीक परक्याचे. आणि परक्या माणसाला गावाला नाही म्हणायची लाज वाटत नाही. आणि कापणीच्या आदल्या दिवशी पाक रेजो मेहुण्याच्या गावी निघून गेले. कोणाला चकार शब्द सांगितला नाही.

पहाटे आठही बायका शेतावर आल्या. कापणीआधी बांधावर देवीचा नैवेद्य ठेवायचा असतो. फुले, केळी आणि उकडलेले अंडे. अंडे दालियेमने आणले होते. घरात तेवढे एकच होते. वार्सिनी त्याच्याकडे बघत राहिली होती. दालियेमने नजर चुकवून ते पानात बांधले. "आज देवीला, उद्यापासून तुलाच," असे म्हणाली.

नैवेद्य ठेवून बायका हात जोडत होत्या, तेवढ्यात ट्रक आला. त्यातून चौदा परके गडी उतरले. प्रत्येकाच्या हातात विळा, उघडा आणि लखलखीत. त्यांच्या मागून व्यापारी पाक जुमादी उतरले. एका गड्याने बांधावरचे पान उलगडले, अंडे सोलले आणि दोन घासांत संपवले.

"अरे मेल्या, देवीचं होतं ते!" कार्नी किंचाळली.

"मग देवीला सांगा, मीठ कमी होतं," तो म्हणाला आणि गडी हसले.

दालियेम पाक जुमादींसमोर जाऊन उभी राहिली. "आम्ही लावलंय हे. निंदलंय. फुकट. कापणी आमची आहे."

"असेल बाई," पाक जुमादी शांतपणे म्हणाले. "पण मी या बांधापासून त्या बांधापर्यंत विकत घेतलंय. त्यात तुम्ही आठ जणी मला कोणी विकल्या नाहीत. मालकाला विचारा जा."

आठही जणी पाक रेजोंच्या घराकडे पळत सुटल्या. पायऱ्यांपाशी पोचल्या आणि तिथे मात्र सगळ्यांची चाल आपोआप मंदावली. पदर सारखे झाले, माना खाली गेल्या. मालकाच्या घरात धावत शिरत नाहीत. मालकीण बू रेजो हसत बाहेर आल्या. बू म्हणजे आई, मानाने म्हणायचे.

"अगंबाई, सगळ्याच आलात! बसा ना, बसा. चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही मी."

"बू, शेतात ते लोक..." दालियेम म्हणाली.

"आधी बसा तर खरं. वार्सिनीला मुलगी झाली म्हणे? नाव काय ठेवलं?"

चटई अंथरली. आत पाणी तापू लागले. मोठ्या माणसाने दिलेला चहा न पिता उठणे हा अपमान, आणि तो थंड होण्याआधी कामाचे बोलणे हाही अपमान. चहा उकळत होता. पेले झाकण घालून आले. साखर भरपूर होती. बू रेजोंनी नाव विचारले, ताप विचारला, कार्नीच्या नवऱ्याचा खोकला विचारला. आठ बायका "हो बू, नाही बू" करत बसल्या. माझी धार पट्ट्यातून दालियेमच्या पोटाला टोचत होती आणि ती हलत नव्हती. अगं ऊठ की, असे मला ओरडायचे होते. शेवटी तिने विचारलेच.

"बाई गं," बू रेजो म्हणाल्या, "शेतातलं मला काय कळतंय? हे आले की विचारा हं. चार दिवसांत येतीलच."

बायका परत आल्या तेव्हा अर्धे शेत आडवे झाले होते. विळा एका फटक्यात मूठभर धाटे घेतो. मी तेवढ्याच वेळात एक लोंबी. माझ्याने त्याच्याशी बरोबरी झालीच नसती, हे मला तिथेच कळले.

आता उरले होते खाली सांडलेले. गडी पुढे सरकले की मागच्या लोंब्या वेचायच्या, ही गरिबातल्या गरिबाची शेवटची सोय. एव्हाना गावातल्या बायका टोपल्या घेऊन बांधावर जमू लागल्या होत्या. ते पाहून पाक जुमादींनी कपाळाला आठी घातली. त्यांनी दालियेमला बोलावले.

"तू धीट दिसतेस. या बायांना तू नावानं ओळखतेस, माझे गडी ओळखत नाहीत. सगळं भात ट्रकमध्ये चढेपर्यंत एकीलाही आत येऊ द्यायचं नाही. खाली पडलेलंही माझंच. एवढं करशील तर गड्याइतका वाटा तुला. आजच्या आज."

मित्रांनो, मला वाटले, ही आता त्याच्या तोंडावर थुंकेल. पण दालियेमने शेताकडे पाहिले, मग आपल्या घराच्या दिशेने पाहिले आणि विचारले, "भात आज देणार ना? नक्की?"

"मोजून देतो."

तिने बांबूची काठी उचलली.

पहिल्या दोघी तिला बघून आपणच मागे सरल्या. तिसरी रडू लागली. तिला दालियेमने खांद्याला धरून बांधाबाहेर ढकलले. कार्नीला मात्र खरे वाटेना. ती सरळ आत आली आणि खाली वाकून वेचू लागली. टोपलीत ओंजळभर लोंब्या जमल्या असतील.

"कार्नी, बाहेर हो."

"यू, थट्टा करू नकोस. पोरं उपाशी आहेत माझी."

"बाहेर हो म्हणते ना!"

"तुझी रांग मी निंदली, यू."

दालियेमने काठी मारली. कार्नीच्या मनगटावर. मग टोपली हिसकावली आणि ओंजळभर लोंब्या व्यापाऱ्याच्या ढिगावर नेऊन ओतल्या. गड्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्या कमरेला होते. तिला माझी गरजच पडली नाही.

कार्नीने मनगट दुसऱ्या हाताने धरले. मला वाटले शिव्याशाप देईल. ती एवढेच म्हणाली, "वार्सिनीला दूध येऊ दे, यू." आणि रिकामी टोपली तिथेच टाकून निघून गेली.

भात मिळाला. व्यापाऱ्याने शब्द पाळला. संध्याकाळी चूल पेटली. वार्सिनी ताटावर तुटून पडली आणि मध्येच थांबून तिने विचारले, "कार्नीमावशीला किती मिळाला?"

"तुझ्या ताटात बघ," दालियेम म्हणाली.

तिसऱ्या दिवशी वार्सिनीला दूध आले. पोर जगली. हे मी लपवणार नाही, कारण ते खरे आहे. आणि पुढच्या हंगामात पाक जुमादींचा ट्रक आला तेव्हा काठी धरायला दालियेम आधीच बांधावर उभी होती, हेही खरे आहे. कार्नीचा नवरा पावसाळ्यापूर्वीच वारला. तिने घराच्या फळ्या उपटून विकल्या आणि तीन पोरे घेऊन समुद्रापलीकडे नव्या वसाहतीत जाणाऱ्या जहाजावर चढली. तिला निरोप द्यायला कोणी गेले नाही.

मला भिंतीच्या फटीत खोचले. पाते गंजले, बांबूची काडी वाळवीने खाल्ली. पुष्कळ वर्षांनी आदर्श गावांची स्पर्धा आली आणि ग्रामकचेरीला जुन्या वस्तू हव्या झाल्या. दालियेमने मला दिले. नवी काडी बसली, तेल चोळले आणि काचेच्या पेटीत कापसावर मला निजवले. खाली चिठ्ठी लावली: 'आपल्या पूर्वजांच्या एकोप्याचे प्रतीक'. उद्घाटनाला म्हातारी दालियेम पहिल्या खुर्चीवर होती. शाळेच्या एका मुलीने तिला विचारले, "आजी, तेव्हा सगळ्यांना भात मिळायचा?"

"हो तर," दालियेम म्हणाली. "एकीलाही आम्ही रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे हात पसरतात, आम्हाला जपा म्हणतात. मला ते मागायचे नाही. मला छान जपले आहे. दर शुक्रवारी एक माणूस येऊन माझी काच स्वच्छ करतो. पण कार्नी कुठे गेली, तिची तीन पोरे जगली का, हे या कचेरीत येऊन आजवर कोणी विचारलेले नाही. तुम्ही कधी आलात, तर माझ्याकडे बघू नका. तेवढे विचारा.