पाच महिने अकरा दिवस

ताईचं पत्र आतल्या खिशात आहे ना, हे तारीखमास्तरांनी विमानतळावरच्या रांगेत उभ्या उभ्या तिसऱ्यांदा चाचपून पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी आलेलं चार पानी पत्र. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आल्यावर त्यांनी ते मिटलं होतं आणि उत्तर दिलं नव्हतं. उरलेली अडीच पानं तेव्हापासून घडीतच होती. हातात घेतलेलं पुस्तक कितीही रटाळ असलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत नेणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एवढं एकच लिखाण अर्धवट राहिलं होतं.

विमानात बसल्यावर ते पुरं वाचायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सात तासांचा प्रवास होता. तिथे उठून जायला जागा नसते.

"काका, पुढं सरका की. मधे एवढी जागा सोडलीत, कोणी तरी घुसेल."

मागे उभी असलेली बाई हसत म्हणाली. चाळिशीची, सपाट बुटांतली, पायाशी दोन गच्च भरलेल्या बॅगा. विमान जिथं जाणार होतं तिकडच्याच एका इस्पितळात ती नर्स होती आणि सुट्टी संपवून परत चालली होती. हे तिनं आपणहूनच सांगितलं होतं. मास्तरांनी त्यावर नुसती मान डोलावली होती, आणि आपण काहीतरी विचारायला हवं होतं की काय, या शंकेत पुढची दहा मिनिटं घालवली होती.

तारीखमास्तर हे नाव वाचकांनी ठेवलेलं. अडतीस वर्षं त्यांनी एकाच वाचनालयात पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारले होते. चौदा तारखेचा शिक्का असेल तर चौदा तारखेला संध्याकाळी दार बंद होईपर्यंत ते पुस्तक त्या वाचकाचं. तेराला कोणी कितीही मोठा माणूस ते मागायला आला तरी मास्तर मान वर न करता म्हणत, "तारीख उलटलेली नाही." बोलायला भिणारा हा माणूस तेवढं एक वाक्य मात्र ठामपणे बोलायचा.

म्हणूनच तीन आठवड्यांपूर्वी भाचीचा फोन आला तेव्हाही त्यांना उत्तर शोधावं लागलं नव्हतं.

"मामा, आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार ठरलाय. डॉक्टर चांगले आहेत, पण तिचं वयही झालंय ना. तुम्ही याल? ती बोलून दाखवत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमचा फोटो दाखवते. माझा भाऊ म्हणते, लायब्ररीत मोठा साहेब होता म्हणते."

"साहेब कसला..."

"तिकीट मी काढते. व्हिसा इथं उतरल्यावरच देतात. पासपोर्ट आहे ना तुमचा? मुदत आहे ना?"

मास्तरांनी कपाटातून पासपोर्ट काढून तारीख पाहिली होती. आपल्यावर आपलाच भरवसा नसल्यामुळे दोनदा पाहिली होती.

"आहे की," ते म्हणाले होते.

आता काउंटरवरच्या मुलीनं तोच पासपोर्ट उघडला. आतली पानं कोरी करकरीत होती. ताईच्या आग्रहावरून त्यांनी आणि आईनं एकाच दिवशी आपापला पासपोर्ट काढला होता. तिच्याकडे परदेशात महिनाभर राहायला जायचं म्हणून. तो बेत होण्याआधीच आई गेली. ताई आली नाही. मास्तरांनी तिला दोन ओळी लिहिल्या होत्या: 'तू आली नाहीस. आता येण्याची गरज नाही.' चार महिन्यांनी तिचं ते पत्र आलं होतं.

मुलीनं स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं.

"काका, यावर तुम्हाला जाता येणार नाही."

"म्हणजे?"

"मुदत कमी आहे."

"नाही, नाही. अजून पाच महिने अकरा दिवस आहेत." मास्तर हलकेच म्हणाले. तिची नजरचूक झाली असावी, आणि ती सगळ्यांसमोर दाखवून देणं बरं नव्हे. "तुम्ही पुन्हा एकदा बघा. घाई नाही."

"बघितलं काका. तिकडे उतरता त्या दिवशी सहा महिने शिल्लक लागतात."

"पण तारीख उलटलेली नाही."

अडतीस वर्षं चाललेलं वाक्य काउंटरवर तसंच पडून राहिलं. मुलगी ओशाळून हसली.

"नियम त्यांचा आहे. आम्ही तुम्हाला बसू दिलं तर ते तुम्हाला पुढच्या विमानानं परत पाठवतील."

"मग तारीख सहा महिने आधीचीच छापायची."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. आणखी मागून एक जाडा आवाज आला, "आजोबा, वादविवाद स्पर्धा बाजूला जाऊन घ्या ना! आम्हालाही जायचंय."

"तुमचं विमान तुम्हाला टाकून नाही जात," नर्सनं वळून त्याला सुनावलं. "वयाचा काही मान ठेवा."

मास्तरांच्या कानशिलावर घाम आला. सगळं आयुष्य त्यांनी रांगेच्या पलीकडे, टेबलामागे काढलं होतं. या बाजूला उभं राहिलं की हातांचं काय करायचं, तेच त्यांना समजेना. एक हात बॅगेच्या दांडीवर, दुसरा आतल्या खिशावर असे ते उभे राहिले.

"बहिणीचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "गुरुवारी. आज सोमवार."

मुलीनं कोणाला तरी फोन केला. निळा कोट घातलेले साहेब आले. त्यांनी भाचीनं पाठवलेला इस्पितळाचा कागद उभ्यानंच वाचला, पूर्ण वाचला. हे मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही. आशा वाटली ती तेवढ्यामुळेच.

"तिकडे विचारतो," साहेब म्हणाले. "पण आशेवर राहू नका. काउंटर बंद व्हायला पस्तीस मिनिटं आहेत. तुम्ही त्या बाकावर बसा. कुठं जाऊ नका."

मास्तर बसले. समोर घड्याळ होतं. काउंटरवर साहेब फोन कानाला लावून उभे होते. मधेच मान हलवत, मधेच पेन टेबलावर आपटत. ते पेन आपटणं होकाराचं की नकाराचं? मास्तरांनी उगाचच बॅगेची चेन उघडून बंद केली. नर्सच्या दोन्ही बॅगा पट्ट्यावर गेल्या. जाड्या आवाजाचा माणूसही पास घेऊन गेला. जाताना त्यानं एकदा मागे पाहिलं आणि नजर वळवली. रांग आटत आटत चार माणसांवर आली, मग एकावर. पस्तीसातली सव्वीस मिनिटं गेली.

साहेब स्वतः चालत आले. चालत आले म्हणजे नाहीच, हे मास्तरांना ते अर्ध्या वाटेवर असतानाच कळलं. होकार असता तर तिथूनच हात केला असता.

"दोघांशी बोललो, काका. सहा म्हणजे सहा. तातडीनं नवा काढलात तरी चार दिवस जातात. माफ करा."

"तुम्ही कशाला... तुम्ही प्रयत्न केलात," मास्तर उठून म्हणाले, आणि पुन्हा बसले.

भाचीला फोन लावणं भाग होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझंच चुकलं मामा. मुदत किती हे मी विचारायला हवं होतं."

"तू विचारलं होतंस गं."

"आई शेजारीच बसलीय. तुम्हाला माहितीये, फोनवर तिला ऐकू येत नाही, मी ओरडून सांगते तिला. काय सांगू?"

मास्तरांनी तोंड उघडलं. जे सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते नेमकं काय आहे हेही त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

"सांग, येतोय. उशिरा येतोय."

फोन खिशात ठेवताना हात पत्राच्या पाकिटाला लागला. विमानातल्या सात तासांसाठी राखून ठेवलेलं पत्र त्यांनी बाकावरच उघडलं. पहिलं पान. दुसरं पान. जिथं थांबले होते ती ओळ शोधावी लागली नाही. तिथं घडीची रेघ होती.

'... बातमी कळली त्याच दिवशी मी निघाले. तुला खोटं वाटेल, पण मला काउंटरवरून परत पाठवलं. माझ्या पासपोर्टची मुदत चार महिने उरली होती, आणि तिकडे यायला सहा लागतात म्हणाले. इकडचं नागरिकत्व घेतल्यापासून मी तुमच्याकडे पाहुणीच ना...'

नऊ वर्षांपूर्वी याच ओळीवर मास्तरांनी पत्र मिटलं होतं. चार महिने मुदत शिल्लक असताना कोणी अडवतं? तारीख म्हणजे तारीख. न आलेल्या माणसानं मागाहून जुळवलेली सबब, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बरं, खात्री करून घ्यावी म्हणून कोणाला विचारलंही नव्हतं. स्वतःच्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या माणसाला तेवढ्या एका गोष्टीत जराही शंका आली नव्हती.

त्यांनी तिसरं पान उलटलं.

'तुझे भाऊजी मला सोडून गाडी घेऊन परत गेले होते. त्यांना फोन करायचीही लाज वाटली. बॅग पायाशी घेऊन तीन तास बाकावर बसले होते. आई तिकडे आणि मी बाकावर. एका सफाईवाल्या बाईनं पाणी आणून दिलं. ही गोष्ट मी चार महिने कोणाला सांगितली नाही. लोक म्हणतील, शिकलेली बाई आणि तारीख बघता येत नाही?'

शेवटच्या पानावर अक्षर बारीक झालं होतं. कागद संपत आला की ती नेहमी असंच करायची.

'तुझा पासपोर्ट आहे. कधी यावंसं वाटलं तर ये. पण तुझी खोड मला माहीत आहे, शेवटच्या तारखेपर्यंत तू जागचा हलायचा नाहीस. सहा महिने उरायच्या आत नवा करून घे, विसरू नकोस. माझ्यासारखं करू नकोस. दुसरं काही लिहू नकोस हवं तर, पण माझं खरं वाटतंय एवढं कळव.'

मास्तरांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की आणखी कशाचा, हे शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या नर्सला कळलं नाही.

"काका? काय झालं शेवटी?"

"नाही झालं."

ती शेजारी टेकली. "ताईंना काही निरोप द्यायचाय? कुठं राहतात त्या?"

मास्तरांनी पाकीट उलटं करून मागचा पत्ता दाखवला.

"अहो, हे तर माझ्याच शहरात. माझ्या घरापासून लांब आहे, आणि उद्या उतरल्या उतरल्या ड्यूटी आहे. पण पोस्टाच्या पेटीत टाकलं तर दुसऱ्या दिवशी घरी पोचतं. बुधवारी हातात. लिहून द्या." मग तिचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. "की फोनवर फोटो काढून पाठवू? आत्ताच्या आत्ता मिळेल."

"नको," मास्तर म्हणाले. "तिनं पत्र लिहिलं होतं."

"मग लिहा. दहा मिनिटं आहेत माझ्याकडे. अकरावं नाही देणार हं!"

वाचनालयाच्या गळक्या छपराबद्दल अर्ज करायचा म्हटलं तरी मास्तर तीन दिवस घेत, चार कच्चे खर्डे करत. आता कच्च्याला कागदच नव्हता. भाचीनं पाठवलेल्या तिकिटाची छापील प्रत होती. ती त्यांनी मांडीवरच्या बॅगेवर उलटी ठेवली.

'ताई, मी पण बाकावर बसलोय. माझे पाच महिने अकरा दिवस होते. तुझं पत्र आत्ता पुरं वाचलं. खरं वाटतंय. तेव्हाच...'

तिथं पेन थांबलं. नर्सनं घड्याळाकडे पाहिलं. 'तेव्हाच' त्यांनी खोडलं. खाली घाईघाईनं आणखी पाच-सहा ओळी लिहिल्या आणि त्या परत न वाचताच घडी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच न वाचता. ताईचं पत्र त्यांनी सुटंच खिशात ठेवलं आणि रिकाम्या पाकिटात आपलं घातलं. पाकिटावरचा स्वतःचा पत्ता खोडला. मागचा तिचा पत्ता पुढे उतरवला.

"तिकीट मी लावते," नर्स म्हणाली. "आणि तुमचा नंबर द्या. टाकलं की कळवते. नाहीतर तुम्ही बसाल इथं काळजी करत."

"तुम्हाला पाणी हवंय का?" मास्तर एकदम म्हणाले. सकाळपासून त्यांनी कोणाला आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"मला? नको हो." ती हसली आणि पाकीट पर्समध्ये घालून काचेच्या दारातून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पासपोर्टच्या कचेरीत खिडकीसमोर होते. आतल्या कारकुनानं जुना पासपोर्ट चाळला.

"एकही शिक्का नाही. मग एवढी तातडी कशाला?"

"बहिणीला भेटायचंय."

"याला अजून मुदत आहे की."

"तारखेवर जाऊ नका," मास्तर म्हणाले.

कारकुनानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि पावती पुढे सरकवली. मास्तर बाजूला झाले. त्यांनी पावती वाचली. मग उलटी करून, मागच्या बाजूची बारीक अक्षरंही भिंतीला टेकून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. ती वाचून होईतो खिशातला फोन दोनदा थरथरला होता.

नर्सचा निरोप होता. 'काका, टाकलं पेटीत.'