सात नंबरचं झाडलेलं अंगण

मूल रोडवर चंद्रपूर संपतं तिथे, १९८४ साली, वनश्री लेआउट नवा होता. घरं सोळा. दुपारी एका घरात रेडिओचं बटण फिरलं तरी उरलेल्या पंधरांना कळे.

सात नंबरचं घर खुशाल रामटेके यांचं. पोस्टातून निवृत्त. अंगणात मोहाचं जुनं झाड. स्कूटरच्या शेडसाठी ते येत्या रविवारी तोडायचं होतं. लाकूडतोड्या इस्तारीला कुऱ्हाड घेऊन बोलावलंही होतं.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी एक बाई फाटक उघडून आत आली आणि खराट्यानं झाडाखालची जमीन लख्ख करून गेली. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. खुशालभाऊंनी आठवड्यापूर्वीच पालिकेत सफाईसाठी अर्ज दिला होता.

"एका अर्जात काम," त्यांनी शेजारच्या साळुंख्यांना ऐकवलं. साळुंखे बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आलेले. त्यांनी लगेच अर्ज लिहायला घेतला.

गुरुवारी बाई टोपली घेऊन आली आणि पडलेली पिवळी फुलं वेचू लागली.

"हे काय करून राह्यल्या, बाई?" खुशालभाऊंनी विचारलं.

"मोहा वेचून राह्यली. कचऱ्यात पडला त खराब होते. तीन दिस झाडलं काऊन मंग?"

"तुमाले पालिकेनं नाई धाडलं?"

"मले माह्या सासूनं धाडलं. वीस वर्सं झाली."

ही ठमाबाई, पलीकडच्या टोलीतली, म्हणजे जुन्या वस्तीतली. टोलीत शेत विकलं तरी मोहाचं झाड ज्या घराचं, त्याच घराचं राही. तिच्या घराचे चार मोहे होते. त्यातले तीन, हा लेआउट पडताना तुटले.

"रविवारी तुटते हे," खुशालभाऊ म्हणाले.

ठमाबाईचा हात थांबला. "हे बी?"

तेवढ्यात कंपाउंडवरून साळुंख्यांनी मान वर काढली. "अहो बाई, आमच्याकडे कधीपासून येणार?"

खुशालभाऊंचा चेहरा उतरला. ठमाबाईनं दोघांकडे नीट पाहून घेतलं.

"तुमच्या इथी मोहा हाय काय, भाऊ?"

"नाही."

"मंग कशाले येऊ? मोहा हाय तथीच येते मी. तो गेला का यांच्या इथी बी बंद."

"असा नियम आहे?" साळुंख्यांनी खुशालभाऊंना विचारलं.

"जुना आहे," खुशालभाऊ म्हणाले.

रविवारी इस्तारी चहा पिऊन कुऱ्हाडीसकट परत गेला. स्कूटर व्हरांड्यात चढली.

एप्रिलमध्ये फुलं संपली. "आता पुढच्या सालीच," म्हणून ठमाबाई गेली. तेव्हापासून साळुंखे उठायच्या आत खुशालभाऊ स्वतःच अंगण झाडत, बायकोचं जुनं लुगडं डोक्यावरून घेऊन.

एक दिवस साळुंखे लवकर उठले.

"बाई," ते कंपाउंडवरून अदबीनं म्हणाले, "आम्हीपण मोहाचं रोप लावलंय."

लुगड्यानं मान डोलावली आणि खराटा चालू ठेवला.