गुरं कुणाचं ऐकतात

माझ्या धाकट्या भावाचा पाय ट्रॅक्टरवरून उतरताना मोडला, म्हणून मी आठ आठवड्यांसाठी त्याच्या शेतावर आले. त्याला आता तीन वर्षं झाली. मोजणी मला येते, गणितात मी कधीच कच्ची नव्हते, तेव्हा चूक दुसरीकडेच कुठेतरी झाली असणार.

त्याआधी मी शहरात चष्म्याच्या काचा घासायचे. नंबर बघून काच घासायची, कडा उतरवायच्या, फ्रेममध्ये बसवायची. खिडकीजवळचं टेबल माझं, त्यावरचा दिवा माझा. संध्याकाळी सहाला एप्रन खुंटीला अडकवला की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत माझ्या नावाने कुणी हंबरडा फोडत नसे. हे सुख किती मोठं असतं ते गुरं सांभाळल्याशिवाय कळायचं नाही.

भावाने नांगर सोडला होता. नांगरून नांगरून त्याच्या जमिनीचा पार दगड झाला होता, पाणी वरच्यावर वाहून जायचं. मग कुठूनतरी ऐकून आला आणि त्याने हे नवं खूळ घेतलं. पीक निघालं की रान उघडं ठेवायचं नाही, लगेच ताग, चवळी, मुळा, ओट असं पाच-सहा प्रकारचं बी मिसळून पेरायचं. हे विकायचं नाही, ते मातीसाठी. मांडीएवढं वाढलं की त्यात गुरं घालायची, पण मोकळी नाही. विजेचा हलका झटका देणाऱ्या तारेने एक पट्टा आखायचा आणि चाळीस गुरं त्यात दाटीवाटीने उभी करायची. ती शेंडे खातात, उरलेलं तुडवतात, शेण-मूत तिथेच पडतं. अर्ध्या दिवसात तार गुंडाळून त्यांना पुढच्या पट्ट्यात हलवायचं. जास्त वेळ राहिली तर मुळापर्यंत कुरतडतात आणि केलेल्या मेहनतीवर पाणी.

म्हणजे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. रविवार नाही, ताप नाही, कुणाचं लग्न नाही. मातीला विश्रांती मिळावी म्हणून हा सगळा खटाटोप, आणि त्यात माझं कंबरडं मोडत होतं.

आता खोटं कशाला बोलू, माती सुधारली. पहिल्या वर्षी कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. आता फावडं नुसतं टेकवलं तरी आत जातं, ढेकूळ हातात सहज फुटतं, गांडुळं वळवळत बाहेर येतात. मला त्याचा आनंद व्हायचा. माझं काहीही नसलेल्या जमिनीचा.

भावाचा पाय दोन महिन्यांत बरा झाला. थोडा लंगडतो, पण चालतो. तेव्हाच मी पिशवी भरली होती. तर हा म्हणाला, गुरं फक्त ताईचं ऐकतात. मग तेच तो दूधवाल्याला सांगू लागला, पोस्टमनला सांगू लागला, दारात येईल त्याला सांगू लागला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला चाळीस जिवांचं तिच्यावाचून अडतं असं कुणी सांगितलं तर ती काय करणार? पिशवी पुन्हा माळ्यावर गेली.

गेल्या वर्षी मी हट्टाने शहरात गेले होते. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. गुरं पुढच्या पट्ट्यात जात नाहीत, तार तोडली, शेजाऱ्याच्या वाटाण्यात घुसली. मी पहिल्या गाडीने परत आले.

आणि या महिन्यात चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. माझ्या टेबलावर बसणारा माणूस सोडून चालला होता. शनिवारी बारापर्यंत सांग, म्हणाल्या, नाहीतर दुसरी एक बाई विचारून गेलीय, तिला घेते. पुन्हा काही ही जागा रिकामी होणार नाही.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की चहा ढवळतानाही माझी बोटं काच धरल्यासारखी वळत होती. मी भावाला सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नाही, तीच तर गोम आहे. तुझं आयुष्य आहे ताई, म्हणाला, गुरांचं बघू काहीतरी, अगदीच नाही जमलं तर विकून टाकू आणि पुन्हा नांगर धरू. एवढं बोलून खिडकीतून रानाकडे बघत बसला. भावजय भांडी विसळत होती, तिने मान वर केली नाही.

शनिवारी पावणेबाराला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. मालकीणबाई नुसतं बरं म्हणाल्या.

तीन वाजता शेत बघायला माणसं आली. अशी महिन्या-दोन महिन्यांनी येतातच. दहा-बारा शेतकरी, शेतकी खात्याच्या एक बाई. मी फावड्याने माती उलटून दाखवत होते, भाऊ बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचं ते पेटंट वाक्य आलंच, की गुरं फक्त आमच्या ताईचं ऐकतात. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

त्यांच्यात एक बुटके काका होते, दिसेल त्या वस्तूला हात लावणारे. तार गुंडाळायचं रीळ खांबाला टांगलेलं होतं. ते त्यांनी काढलं आणि गंमत म्हणून त्याचं हँडल फिरवलं. कर्र कर्र कर्र.

चाळीसच्या चाळीस डोकी वर झाली. आणि काय सांगू, शाळा सुटल्यासारखी गुरं धावत आली आणि त्या काकांपुढे ओळीने उभी राहिली. तार गुंडाळली की नवा चारा मिळतो, एवढंच त्यांना ठाऊक. हँडल कुणाच्या हातात आहे त्याच्याशी त्यांना काय करायचंय?

लोक पोट धरून हसले. काका खूश होऊन म्हणाले, माझंही ऐकतात की हो. मी भावाकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. बस, मला सगळं कळलं.

ती माणसं जाईपर्यंत मी दम धरला. मग अवजारांच्या खोलीत त्याला गाठलं.

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पाय बरा झाला तेव्हापासून. मीच एकदा फिरवून बघितलं होतं."

"आणि तो वाटाणा?"

तो हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा.

"कुणीच नव्हतं घुसलं," तो म्हणाला. "माती सुधारायला पाच वर्षं लागतात, ताई. तेव्हा दोनच झाली होती. अजून तीन हवी होती, फक्त."

फक्त! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी सांगण्यासारखं नाही. तो ऐकून घेत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याचीच मला जास्त चीड आली, कारण त्याची लबाडी आणि त्याचं रडू, दोन्ही खरं होतं.

मी घरात जाऊन मालकीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अगं, दीडलाच तिला कळवलं, सोमवारी येतेय ती. बिचारीने असलेली नोकरी सोडली त्यासाठी. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

पाच वाजले. गुरं हंबरायला लागली. मी पायरीवर बसून राहिले. ठरवलंच होतं, आज काय वाट्टेल ते होवो, मी उठणार नाही. भाऊ माझ्याकडे न बघता लंगडत रानाकडे गेला. थोड्या वेळाने हंबरणं थांबलं, एकदम थांबलं. मला वाटलं होतं, हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. जायला जागा नव्हती आणि राहायला कारण नव्हतं.

भावजयीने चहा आणून ठेवला आणि शेजारी बसली. भाऊ परत आला, चिखलाने भरलेला.

"आली सगळी," तो हळूच म्हणाला. "एकही अडलं नाही."

मी तोंड फिरवून बसले होते. त्याच्याशी जन्मात बोलायचं नव्हतं मला. आणि मेली ही जीभ!

"मागची तार ओढलीस का?"

त्याचा चेहरा पडला. मागची तार ओढली नाही तर गुरं उलटी फिरतात आणि आधीच्या पट्ट्यांत नुकतेच फुटलेले कोंब खाऊन टाकतात. आठवडाभर मेहनत केलेली माती पुन्हा उघडी पडते. तो म्हणाला, थांब, जातो मी. भावजय म्हणाली, ताई, तुम्ही बसा, चहा गार होतोय.

या वेळी मला कुणीही फसवत नव्हतं. उलट दोघंही मला अडवत होती, अगदी मनापासून.

मी वाकून बूट चढवले आणि रानाकडे निघाले.