जोडीशिवाय पाण्यात नाही

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. आठवडाभर लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करायचे आणि रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावावर पोरांना बुडत्याला वाचवायला शिकवायचं, हा त्यांचा एकवीस वर्षांचा नेम. पथकात पोरं बारा, जोड्या सहा. नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ: जोडीशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. सहा जोड्या मोजून झाल्या की मास्तरांचा जीव भांड्यात पडे.

बारा जणांत तरबेज म्हणजे बगळा. सतरा वर्षांचा, नुसत्या तंगड्या, म्हणून बगळा. त्याचा जोडीदार ठोंब्या, अंगाने आडवा, मनाने लोणी. चार वर्षांची जोडी. एकदा ओले दोर वाळत घालताना बगळा त्याला म्हणाला, "मला मुली नाही आवडत रे. मुलगेच आवडतात. तुझ्यावर डोळा नाही माझा, घाबरू नकोस."

"घाबरायला तू काय मगर आहेस?" ठोंब्या म्हणाला, आणि दोघंही हसले.

पण ठोंब्याच्या तोंडात तीळ भिजेना. तो आईजवळ बोलला, आई बाबांजवळ बोलली, आणि चार दिवसांत गोष्ट पथकाच्या चिटणीसांच्या औषधाच्या दुकानात पोचली. शनिवारी चिटणीस मास्तरांच्या दारात हजर.

"मास्तर, पालक बिथरलेत. पाण्यात अंगाला अंग लागतं, म्हणतात."

"बुडणाऱ्याला लांबून हाका मारून वाचवतात होय?"

"माझ्यावर कशाला चिडता? आपण कुणाला काढत नाही. उद्या विचारा, त्याची जोडी कोण होणार. कुणी झालं तर उतरू दे खुशाल. नाही झालं, तर नियम तुमचाच आहे."

मास्तरांना हे पटलं, हीच त्यांची चूक. पथकात पहिल्यापासून सगळं हात वर करून ठरे: सहल कुठे न्यायची इथपासून दोर कुणी गुंडाळायचा इथपर्यंत. त्यांना वाटलं, आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत ठोंब्याचा हात वर जाईल, आणि चिटणीसांचं तोंड आपोआप बंद होईल. त्याच्या पुढच्याच रविवारी परीक्षा होती. पास होणाऱ्याला समुद्रावर जीवरक्षकाची नोकरी मिळायची, आणि बगळ्याने लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं.

रविवारी कधी नव्हे ते झाडून सगळे पालक बाकांवर बसले होते. पोरं काठाला रांगेत उभी.

"बगळ्याची जोडी कोण होणार?" मास्तरांनी विचारलं.

एकही हात हलला नाही. ठोंब्याने बाकाकडे पाहिलं. तिथे त्याचे बाबा हाताची घडी घालून बसले होते. मग तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मास्तरांच्या ओठांवर आलं, "मी होतो." तीन अक्षरं. पण बाकांवरची वीसएक माणसं आपल्याकडेच बघताहेत हे त्यांना जाणवलं, आणि त्यांनी ती अक्षरं कडू औषधासारखी गिळली. देवाने माणसाला दया दिली, ती मनात ठेवून कुणाचं भलं होत नाही. ती जिभेवर यावी लागते.

बगळ्याने गळ्यातली पथकाची शिट्टी काढून मास्तरांच्या हातात ठेवली. "राहू द्या मास्तर," तो म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास." जणू समजूत घालायची पाळी त्याचीच होती. टॉवेल खांद्यावर टाकून तो फाटकाबाहेर गेला. कुणी त्याला 'जा' म्हटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी परीक्षा. पोरं अकरा. पाच जोड्या लागल्या आणि ठोंब्या एकटा उरला. परीक्षक घड्याळ बघू लागले.

"अरे, त्यात काय एवढं," मास्तर म्हणाले. "मी होतो तुझी जोडी. चल, उतर." सदरा काढून ते पाण्यात शिरले आणि त्यांनी ठोंब्याचा हात धरला. बाकांवरून कुणी हूं की चूं केलं नाही.

ठोंब्या कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला.

"मास्तर, हे चालतं?"

"चालतं की. न चालायला काय झालं?"

"मग त्याला का नाही म्हणालात?"

"पाय हलव," मास्तर म्हणाले. "गारठशील."

"मीच सांगितलं घरी," ठोंब्या म्हणाला. "हात पण मीच वर केला नाही. मला बाबांची भीती वाटली. तुम्हाला कुणाची वाटली?"

त्याने हात सोडवून घेतला, शिडी चढला आणि परीक्षकांकडे न बघता कपड्यांच्या खोलीकडे निघाला. त्याचे बाबा बाकावरून हाका मारत राहिले.

चिटणीसांनी यादीतलं एक नाव खोडलं. आता पोरं दहा, जोड्या पाच. नियमात कुठेच अडत नव्हतं. परीक्षकांनी हाताने खूण केली, आणि कमरेएवढ्या पाण्यात एकट्याच उभ्या असलेल्या मास्तरांनी परीक्षा सुरू करायची शिट्टी फुंकली.