कातरलेलं पत्रक

घरात तिला सगळे टकळी म्हणत आणि टकळीला त्याचा मुळीच राग नव्हता. ज्याच्या जिभेत दम असतो त्यालाच असली नावं मिळतात, असं तिचं म्हणणं. त्यात नववीत गेल्यापासून तिला बोलायला नवा मुलूखच सापडला होता. शाळेने तिला वर्गाची आरोग्य प्रतिनिधी केलं होतं. छातीवर बिल्ला, हातात वही आणि ओठांवर साऱ्या जगाच्या दुखण्यांची उत्तरं. बाबांच्या गुडघ्यापासून शेजारच्या आजोबांच्या ढेकरांपर्यंत तिचा सल्ला सगळीकडे पोचत असे, मागितला नाही तरी.

म्हणूनच वहिनीने आरोग्य केंद्रात जाऊन मूल न होण्याचं इंजेक्शन घेतलं, तेव्हा तिथे मिळालेलं पत्रक तिने टकळीच्या हातात दिलं. वहिनी म्हणजे थोरल्या दादाची बायको. लग्नाला दीड वर्ष झालेलं. इतक्यात मूल नको, हे दोघांनी मिळून ठरवलेलं. दादा ट्रकवर असायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आईला यातलं काही सांगायची सोय नव्हती, कारण तिने पाळण्याची जागासुद्धा हेरून ठेवली होती. राहिली टकळी. गुपित सांगायला टकळी म्हणजे चाळणीत पाणी ठेवण्यासारखंच, पण वहिनीने विश्वास टाकला आणि टकळीनेही तो पाळला. हे एक तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

"मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आहेत गं," वहिनी म्हणाली होती. "दिवसभर कारखान्याच्या वाफेत डोळे भाजून निघतात माझे. तू वाच आणि मला दोन वाक्यांत सांग."

टकळीने वाचलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. दर तीन महिन्यांनी घ्यायचं. पाळी मागेपुढे होईल, घाबरू नये.

पाचव्या आठवड्यात वहिनीची पाळी आली, आणि आली ती जायचं नावच घेईना.

आठव्या दिवशी वहिनीने मोरीच्या दारात हळूच विचारलं, "अजून अंगावरून जातंय गं. जास्तच जातंय. चालतं का असं?"

"वहिनी, पत्रकात स्वच्छ लिहिलंय. सुरुवातीला असं होतं. घाबरू नये."

बाराव्या दिवशी पुन्हा विचारलं. टकळीने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी वहीतून पत्रकाचा कागद काढून, बोट ठेवून दाखवलं. छापलेलं ते छापलेलं! पंधराव्या दिवशी वहिनीने नुसतं तोंड उघडलं, तर टकळीच आधी म्हणाली, "घाबरू?" आणि वहिनीने हसून पुरं केलं, "नये." त्यानंतर वहिनी विचारायचीच थांबली. ती सावरली, असा टकळीने अर्थ लावला. आपण तिला धीर दिला, म्हणून ती स्वतःवरच खूश झाली.

वहिनी कामाला होती कपडे धुण्याच्या कारखान्यात. हॉटेलांच्या चादरी तिथे गाठोड्यांनी यायच्या, मोठ्या यंत्रांतून गरगरून निघायच्या, आणि मग इस्त्रीच्या लांबलचक रुळाखालून गरम, कडक होऊन बाहेर पडायच्या. पुढे दोघी-दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं, पुन्हा यायचं. शाळा सुटली की टकळी तासभर वहिनीसमोरचं टोक धरायला जायची, कारण तिथे पंचवीस बायका होत्या आणि पंचवीस बायका म्हणजे पन्नास कान.

एकोणिसाव्या दिवशी ती गेली, तेव्हा वहिनीच्या कमरेला काळा सुती कपडा गुंडाळलेला होता. पांढऱ्या चादरींत काम करायचं तर एक डागसुद्धा परवडत नाही.

"आमच्या वर्गात ती एक उंच मुलगी आहे ना," टकळी चादर धरून सुरू झाली, "ती म्हणते केस रोज धुतले की..."

"टकळे, हात चालव. तोंड काय, ते आपोआप चालतं तुझं," पलीकडून मुकादम मावशी ओरडल्या. बायका हसल्या.

वहिनी हसली नाही. ती टोक घेऊन टकळीकडे चालत आली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि चादर तिच्या हातातून सुटली. पाठोपाठ तीही खाली बसली. पडली नाही, बसली, एखादं ओलं कापड दोरीवरून घसरावं तशी.

मावशींनी पाणी आणलं. टकळीने जवळून वहिनीकडे पाहिलं. ओठ पांढरे. खालच्या पापणीची कडसुद्धा पांढरी. रोज ताटाला ताट लावून जेवत होतो आपण, आणि हे दिसलं कसं नाही आपल्याला?

"काही नाही झालं," वहिनी म्हणाली. तिला धाप लागली होती. "घाबरू नये, तूच म्हणतेस ना?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विश्वासाने बोलत होती. टकळीने दप्तरातून वही काढली, वहीतून पत्रक काढलं. 'घाबरू नये' इथे ओळ संपत होती. त्याखाली कागदच संपत होता. कडेला कात्रीचे दाते.

आणि टकळीला आठवलं.

शाळेत आरोग्याच्या तक्त्यांची स्पर्धा होती. टकळीला डोळे छान काढता यायचे, केस तर फारच छान, पण नाक काढायची वेळ आली की तिची कला संपायची. पत्रकाच्या मागच्या बाजूला खाली एक हसरी नर्स छापलेली होती, नाकासकट. टकळीने ती कापली आणि तक्त्यावर चिकटवली. त्या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या झाल्या. नर्सच्या पाठीला, म्हणजे पत्रकाच्या पुढच्या बाजूला खाली काय लिहिलं होतं, ते टकळीने तेव्हा वाचलं नव्हतं. वाचलं होतं ते वरचं अर्धं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, ते हेच.

शाळा पाच मिनिटांवर होती. ती धावत सुटली. शिपाईकाका पायऱ्या झाडत होते, "अगं, काय विसरलीस?" म्हणेपर्यंत ती जिना चढून गेलीसुद्धा. तक्ता व्हरांड्यात होता. डिंक तेव्हा संपत आला होता म्हणून फक्त चार कोपऱ्यांना लावलेला. तिने नखाने नर्स सोडवली आणि उलटी केली.

'पुढीलपैकी काही झाल्यास वाट न पाहता केंद्रात या. आठ दिवसांपेक्षा जास्त किंवा नेहमीच्या दुप्पट रक्तस्राव. चक्कर. धाप.'

आठ दिवस. वहिनीने पहिल्यांदा विचारलं तो आठवाच दिवस होता.

ती परत आली तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. सगळं सांगून टाकायचं, असं टकळीने वाटेत दहादा घोकलं होतं. तोंडातून मात्र निघालं ते असं, "वहिनी, चल केंद्रात. शाळेतल्या बाई म्हणाल्या दाखवून या."

बाई! बाईंना यातलं अक्षर माहीत नव्हतं. खोटं इतकं सहज निघालं की टकळीला स्वतःचीच भीती वाटली.

केंद्रात बाकावर सहाजणी आधीच बसल्या होत्या, पण वहिनीचा चेहरा पाहून त्यांनीच पुढे जाऊ दिलं. डॉक्टरीणबाईंनी आधी पापणी ओढून पाहिली, मग हाताला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला.

"किती दिवस झाले?"

"एकोणीस."

"पॅड किती लागतात दिवसाला?"

"सहा. कधी सात."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. बोटाला सुई टोचली गेली, लघवीची बाटली दिली गेली, तपासणी झाली. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "पोटात गर्भ नाही, जंतुसंसर्गही दिसत नाही. इंजेक्शनमुळेच आहे हे. पुष्कळजणींना होतं आणि गोळ्यांनी आटोक्यात येतं. पण रक्त बघा, आठवर आलंय. बारा हवं. इतके दिवस अंगावर का काढलंत? मी पत्रक दिलं होतं ना? त्यात सगळं लिहिलंय. वाचायचेसुद्धा कष्ट नकोत का तुम्हाला?"

वहिनी खाली पाहत म्हणाली, "चुकलं माझं. नाही वाचलं मी."

एवढंच. टकळीचं नाव नाही. एकोणीस दिवस चादरी उचलल्या, सात सात पॅड बदलले, वर बोलणीही खाल्ली, आणि नणंदेकडे बोट नाही दाखवलं.

गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. नर्स खिशात होती, घरी जाऊन फाडून टाकता आली असती. टकळीने आयुष्यात हजारो वाक्यं विचार न करता बोललेली होती. हे एकच इतकं जड निघालं.

"तिने नाही, मी वाचलं," ती म्हणाली. "अर्धं वाचलं. खालचं मी कापलं होतं, शाळेच्या तक्त्यासाठी. तिने आठव्या दिवशीच विचारलं होतं मला. मीच घाबरू नये म्हटलं. तीनदा." मग वहिनीकडे न बघता, "आणि बाईंनी काही सांगितलं नव्हतं. ते पण खोटं."

तिने खिशातली नर्स टेबलावर ठेवली. चारी कोपरे फाटलेले.

डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. रागावतील असं वाटलं होतं, तशा त्या रागावल्या नाहीत. "रक्त गेलं ते तुझ्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तो तुझ्यामुळे. दोन्हींत फरक आहे, पण उशीरही काही लहान गोष्ट नाही." मग वहिनीला सगळं नीट समजावलं. या गोळ्या पाच दिवस, या लोहाच्या तीन महिने, चार दिवस कामाला सुट्टी, आठवड्याने परत दाखवायचं, त्याआधी वाढलं तर त्याच दिवशी. पुढचं इंजेक्शन नको वाटलं तर दुसरे उपाय आहेत, नवऱ्याला घेऊन या. बोलताना त्यांनी एकदाही टकळीकडे पाहिलं नाही.

बाहेर ऊन कलतं होतं. वहिनी पुढे चालत होती, टकळी दोन पावलं मागे. गल्ली संपली. टकळीला वाटलं, वहिनीने एक सणसणीत मुस्कटात तरी मारावी.

"वहिनी..."

"बोलू नकोस."

"मी फक्त..."

"टकळे, मला रात्री वाटायचं, मी मरणार बहुतेक," वहिनी न वळता म्हणाली. "मग मी तुझं वाक्य आठवायची आणि झोपायची. तुझं वाक्य! देवाचं नाव घ्यावं तसं."

टकळीला रडू आलं. पण आत्ता आपण रडलो तर समजूत वहिनीलाच काढावी लागेल, हे तिला कळलं, आणि तिने ओठ दातांत धरून ठेवले.

वळणापाशी वहिनी थांबली. एक हात विजेच्या खांबाला टेकला, डोळे मिटले. मग दुसरा हात न बघताच मागे केला.

"धर."

टकळी धावली. वहिनीचा हात गार होता, आणि तिने टाकला तो भार चांगलाच होता.

"मी अजून रागावलेली आहे," वहिनी म्हणाली. "खूप दिवस राहणार आहे."

"हो."

"सावकाश चल."

टकळी सावकाश चालली.