खाली बसायची मनाई

आईचा गुडघा बदलून नऊ दिवस झाले होते. जमिनीवर बसायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. "गुडघा नवा, तोंड मात्र जुनंच," असं तिला चिडवत बाबा चहा टाकायला गेले आणि ओट्यापाशीच कोसळले.

आईचा फोन येताच लेक ऑफिसातून धावत आली. आई वॉकर धरून बाबांच्या उशाशी उभी होती. त्यांचं अंग गार पडलं होतं.

"दोनदा हात वर केला गं त्यांनी," आई म्हणाली. "मला वाकताच येईना."

तिने वॉकर बाजूला सारला.

"बसव मला खाली."

"अगं आई, गुडघा..."

"बसव म्हणते ना!"

लेकीने काखेत हात घालून तिला अलगद टेकवलं. आईने बाबांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. दुखतंय का, हे विचारायची लेकीला हिंमत झाली नाही.