धाकट्याने पाहिलं का?

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये सिटी बस चालवणाऱ्या थर्मनला भर दुपारी एकाएकी श्वास घेता येईना. मागून पोलिसांची गाडी दिवे चमकवत आली आणि त्याला ओलांडून निघून गेली, एवढंच झालं होतं. त्याने बस कशीबशी कडेला घेतली, पण स्टिअरिंगवरचे हात सुटेनात. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

हृदय ठणठणीत आहे, असं इस्पितळात सांगितलं.

"मग मनाच्या डॉक्टरकडे जा," बायको ओडेसा म्हणाली.

"पास्टरनी प्रार्थना केली की माझ्यासाठी."

"केली. पण तू झोपेत दात खातोस ते मला ऐकू येतं, पास्टरना नाही."

थोरला भाऊ लूशस हे ऐकून पोट धरून हसला. "आपल्या घरात असली थेरं कुणी केली नाहीत. बाबांनी केली होती? तुला काय धाड भरलीय?"

थर्मन तरीही गेला. डॉक्टर पेटवे त्याच्यासारखेच काळे, त्याच्याच वयाचे निघाले. तरी पहिल्या खेपेला तो नुसता फुटबॉलवर बोलला. दुसऱ्या खेपेलाही तेच. पेटवेंनी घाई केली नाही. मग एकदा त्यांनी सहज विचारलं, "लहानपणी तुमच्याकडे गाडी कोण चालवायचं?"

"बाबा," थर्मन म्हणाला, आणि मग पुढचं सांगत गेला. पोलिसांनी रस्त्यात गाडी अडवली होती. त्यांच्यातल्या विशीतल्या एका गोऱ्या पोराने बाबांना चिखलात गुडघ्यांवर बसवलं, पुन्हापुन्हा 'चुकलं, साहेब' म्हणायला लावलं. दोघं भाऊ मागच्या सीटवर होते. बाबा परत येऊन बसले, त्यांनी रेडिओ लावला. त्या दिवसाचं नाव घरात कुणी काढलं नाही.

पुढच्या रविवारी चर्चनंतर लूशस अंगणात मांस भाजत होता. थर्मन शेजारी जाऊन उभा राहिला.

"बाबांना चिखलात बसवलं होतं ना, तेव्हा मी जागा होतो. झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो, पण सगळं पाहिलं."

लूशसच्या हातातला चिमटा थांबला.

"घरी आल्यावर बाबांनी मला एवढंच विचारलं," तो म्हणाला, "धाकट्याने पाहिलं का? मी म्हटलं, नाही, तो झोपला होता. मला वाटायचं, हे मला एकट्यालाच माहीत आहे." मग त्याने विचारलं, "त्या डॉक्टरला सांगितलंस हे?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

लूशस खुर्ची ओढून बसला. तो डॉक्टरकडे काही गेला नाही, ना तेव्हा ना नंतर. पण त्या दुपारी तो बाबांबद्दल बोलायला लागला तो थांबेना. मांस एका बाजूने करपलं. ओडेसाने जेवायला हाक मारली, तेव्हा दोघांनीही तिला 'थांब जरा' म्हणून हात केला.